चौथीच्या वर्गात इडिटारॉड: शर्यतीत मरण पावणाऱ्या कुत्र्यांविषयी मुलांना काय आणि केव्हा सांगावे?

खडूफळा (मिनेसोटा) यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार.

मी मिनिआपोलिसजवळच्या एका शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवते. मार्च महिना जवळ आला की इकडचे अनेक शिक्षक अलास्कातील इडिटारॉड ही कुत्र्यांच्या घसरगाड्यांची शर्यत वर्गात घेतात, आणि मीही ती बरीच वर्षे घेत होते. ज्यांना ही शर्यत ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मार्चच्या पहिल्या शनिवारी अँकरेज शहरात समारंभाची फेरी होते, दुसऱ्या दिवशी विलो या गावाहून खरी शर्यत सुटते आणि डोंगररांगा, गोठलेली युकॉन नदी व बेरिंग समुद्राचा किनारा असा सुमारे 1,000 मैलांचा, म्हणजे 1,600 किलोमीटरांचा पल्ला पार करून गाड्या नोम या गावी पोहोचतात. गाडी हाकणाऱ्याला मशर म्हणतात. मशरच्या हातात लगाम नसतो. 'जी' असा आवाज दिला की आघाडीची कुत्री उजवीकडे वळतात आणि 'हॉ' म्हटले की डावीकडे.

माझ्या वर्गातले प्रत्येक मूल एक मशर निवडते. भिंतीवर अलास्काचा मोठा नकाशा लावलेला असतो आणि त्यावर मुले रोज सकाळी आपापली कागदी गाडी पुढे सरकवतात. शर्यतीच्या संकेतस्थळावर प्रत्येक थांब्याची नोंद मिळते: गाडी किती वाजता आली, किती वाजता निघाली, येताना किती कुत्री होती आणि निघताना किती. रात्री 10 वाजून 47 मिनिटांनी आलेली गाडी पहाटे 4 वाजून 12 मिनिटांनी निघाली, तर विश्रांती किती झाली, हे गणित पाठ्यपुस्तकातून करताना जांभया देणारी मुले इथे मात्र एकमेकांची उत्तरे तपासतात. 1973 मध्ये पहिल्यांदा ही शर्यत नोमपर्यंत धावली तेव्हा विजेत्याला 20 दिवस लागले होते आणि 2017 मध्ये विजेता 8 दिवस 3 तास 40 मिनिटांत पोहोचला, यातून सरासरी वेगाचा धडा आपोआप उभा राहतो. 1978 मध्ये दोन आठवड्यांच्या प्रवासानंतर पहिल्या आणि दुसऱ्या गाडीत केवळ एका सेकंदाचे अंतर होते, हे सांगितल्यावर वर्गात जी शांतता पसरते ती मला अजून दुसऱ्या कोणत्याही विषयाने मिळवून दिलेली नाही.

आता अडचण सांगते. 2024 च्या शर्यतीत तीन कुत्री धावता धावता कोसळून मेली. पहिली बातमी मी शाळेत निघण्यापूर्वीच वाचली होती. तरीही मी वर्गात काही बोलले नाही. नकाशावरच्या गाड्या सरकवून झाल्या आणि आम्ही दिवसाचे गणित सुरू केले. दुपारी एका मुलीने हात वर केला आणि तिच्या मोठ्या भावाने काय वाचले ते सर्वांसमोर सांगून मला विचारले, "बाई, तुम्हाला हे सकाळपासून माहीत होते का?" मी हो म्हटले. त्यानंतर काय बोलावे हे मला सुचले नाही.

दुसऱ्या दिवशी एका पालकांचे पत्र आले. ज्या खेळात प्राणी मरतात तो खेळ तुम्ही नऊ वर्षांच्या मुलांना आनंदाचा विषय म्हणून का शिकवता, असा त्यांचा साधा आणि सभ्य प्रश्न होता. 2025 मध्ये मी हा विषय घेतलाच नाही. यंदा मुख्याध्यापकांनी निर्णय माझ्यावर सोपवला आहे. मुले आत्तापासून विचारू लागली आहेत, कारण त्यांच्या मोठ्या भावंडांनी हा विषय केलेला आहे.

मला दोन गोष्टींवर आपले मत हवे आहे. हा विषय वर्गात आणावा का? आणि आणला तर मृत्यूची गोष्ट कोणत्या वेळी, कोणत्या शब्दांत सांगावी? शिक्षक, पालक, प्राण्यांशी काम करणारे, अलास्कात राहणारे, कोणीही लिहिले तरी मला उपयोग होईल.

उत्तररेषा (अँकरेज) यांचे उत्तर

नमस्कार ताई.

मी गेली बारा वर्षे अँकरेजमध्ये राहतो आणि समारंभाच्या शनिवारी रस्त्याच्या वळणावर उभा राहून गर्दी आवरणाऱ्या स्वयंसेवकांपैकी एक आहे. त्या दिवशी ओळीत जुंपलेली कुत्री सुटण्यासाठी इतकी उतावीळ असतात की गाडी धरून ठेवायला माणसे कमी पडतात. हे मी मुद्दाम आधी सांगतो, कारण या कुत्र्यांना मारूनमुटकून पळवले जाते अशी जी समजूत आहे ती मी पाहिलेल्या गोष्टीशी जुळत नाही. परंतु धावण्याची हौस असणे आणि धावण्यात धोका नसणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि आपल्या मुलीने विचारलेला प्रश्न दुसऱ्या गोष्टीचा आहे.

आपल्या प्रश्नाचे उत्तर आपण स्वतःच लिहिलेल्या एका वाक्यात आहे असे मला वाटते. येताना किती कुत्री आणि निघताना किती, हा तो रकाना. मुले तो रकाना पहिल्या दिवसापासून पाहतात. एखाद्या थांब्यावर 14 कुत्री आली आणि 12 निघाली, तर उरलेली दोन कुठे गेली, असे कोणीतरी विचारतेच. याचे खरे उत्तर मुलांना सहज समजण्यासारखे आहे. थकलेले, लंगडणारे किंवा नीट न खाणारे कुत्रे मशर त्या थांब्यावरच्या पशुवैद्यांकडे सोपवतो आणि स्वयंसेवक वैमानिक आपल्या छोट्या विमानांतून त्याला परत आणतात. पूर्वी अशा कुत्र्यांना 'सोडलेली' म्हणत, आता 'परत पाठवलेली' म्हणतात. शेवटी नोमला पोहोचताना किमान पाच कुत्री दोराला जुंपलेली असावी लागतात, म्हणजे संख्या घटणार हे नियमांनीच गृहीत धरलेले आहे. उत्तम मशर तो, ज्याला कोणते कुत्रे केव्हा थांबवायचे हे कळते. हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगितले, तर त्या रकान्यातली प्रत्येक वजाबाकी ही काळजीची नोंद म्हणून वाचायला ती शिकतात. आणि मग त्याच ओघात, त्याच दिवशी, हेही सांगता येते की कधीकधी कुत्रे परत पाठवण्याची वेळ येण्यापूर्वीच मरते, की 2024 मध्ये असे तीनदा झाले आणि 2025 मध्येही एक कुत्री मेली.

मशर निवडण्याच्या आधी सांगावे, एवढा माझा आग्रह आहे. मुलाने एक गाडी आपली मानली, तिच्यावर जीव लावला आणि मग आपण धोका सांगितला, तर त्याला फसवल्यासारखे वाटेल. आपल्या वर्गात दुःखाहून मोठी गोष्ट तीच झाली असावी.

सक्तीच्या विश्रांतीचे नियमही गणितात घ्यावेत. प्रत्येक गाडीला वाटेत एकदा सलग 24 तास थांबावे लागते, युकॉन नदीकाठच्या एका थांब्यावर 8 तास आणि नोमच्या अलीकडे व्हाइट माउंटन येथे पुन्हा 8 तास. 24 तासांचा थांबा कुठे घ्यायचा हे मशर ठरवतो. मुलांनी आपल्या गाडीसाठी तो आधी ठरवावा, कारण लिहून ठेवावे आणि मग प्रत्यक्ष मशरने काय केले ते पाहावे. गाडीत काय असलेच पाहिजे याची यादीही त्यांना आवडेल: थंडीतली झोपण्याची पिशवी, कुऱ्हाड, बर्फात चालण्याचे जोडे, पाणी उकळण्याचे भांडे, प्रत्येक कुत्र्यासाठी आठ पायमोजे आणि पशुवैद्यांच्या सहीची वही.

आणखी एक गोष्ट. विजेता पोहोचला की बहुतेक वर्ग नकाशा उतरवतात. कृपया तसे करू नका. नोमला शेवटच्या येणाऱ्या मशरला लाल कंदील देऊन गौरवतात, आणि वाटेवरची शेवटची गाडी येईपर्यंत अंतिम रेषेच्या लाकडी कमानीवर एक दिवा तेवत ठेवतात. जुन्या काळी कुत्र्यांच्या गाडीने टपाल आणि माल नेणारा माणूस वाटेत असला की पुढच्या धर्मशाळेत त्याच्यासाठी दिवा लावून ठेवत, त्याची ही आठवण आहे. 1973 मध्ये शेवटच्या मशरला 32 दिवस लागले होते. ज्या मुलाने शेवटची गाडी निवडली असेल, त्याच्यासाठी नकाशा भिंतीवर राहू द्या.

बर्फाविषयीही बोलावे लागेल. 2003, 2015, 2017 आणि 2025 या वर्षी नेहमीच्या वाटेवर पुरेसा बर्फ नसल्याने किंवा नद्या नीट न गोठल्याने सुरुवात विलोऐवजी कित्येक मैल उत्तरेकडच्या फेअरबँक्सहून करावी लागली. 2016 मध्ये तर अँकरेजच्या रस्त्यांवर पसरण्यासाठी फेअरबँक्सहून रेल्वेने बर्फ आणला होता. ती गाडी पाहायला मी गेलो होतो, आणि अलास्कात बर्फ गाडीने येतो हे दृश्य मला आजही अस्वस्थ करते.

दोन_मुलांची_आई (न्यू जर्सी) यांचे उत्तर

मी आपल्याला पत्र लिहिणाऱ्या पालकांच्या बाजूने लिहीत आहे, कारण त्यांची बाजू इथे कोणीतरी मांडली पाहिजे.

माझा आक्षेप मृत्यू लपवण्यावर नाही, शर्यतीवरच आहे. आपण कितीही प्रामाणिकपणे सांगितले तरी वर्गाची रचना उत्साहाची राहते: आपली गाडी, आपला क्रमांक, कोण पुढे गेले. त्या रचनेत कुत्र्याचा मृत्यू हा एक दुर्दैवी प्रसंग ठरतो आणि दुसऱ्या दिवशी गाड्या पुन्हा सरकतात. शिवाय शर्यतीचे दहा-बारा दिवस हा या कुत्र्यांच्या आयुष्याचा छोटासा भाग आहे. अनेक मशरांकडे कुत्री वर्षभर छोट्या घराशेजारी खुंटीला साखळीने बांधलेली असतात, आणि प्राणिप्रेमी संघटनांचा मोठा आक्षेप त्यावर आहे. मुलांच्या नकाशावर ती खुंटी कुठेच दिसत नाही.

मी सुचवीन की शर्यत सोडा आणि 1925 ची नोमची गोष्ट शिकवा. गावात घटसर्पाची साथ पसरली होती, विमान उडवणे शक्य नव्हते आणि औषध पोहोचवायला कुत्र्यांवाचून उपाय नव्हता. तिथे धावण्याला कारण होते. हौसेसाठी धावणे आणि जीव वाचवण्यासाठी धावणे यांतला फरक चौथीतल्या मुलाला चांगला कळतो.

उत्तररेषा (अँकरेज) यांचे उत्तर

ताई, साखळीचा मुद्दा रास्त आहे आणि तो वर्गात आला पाहिजे, हे मला मान्य आहे. पण 1925 ची गोष्ट घेतल्याने मूळ प्रश्न टळत नाही, हे सांगायला हवे.

ती गोष्ट नीट सांगायची तर अशी: अँकरेजच्या रुग्णालयात घटसर्पावरचे औषध, म्हणजे सीरम, 3 लाख एकक सापडले, ते रेल्वेने नेनानापर्यंत आणले आणि 27 जानेवारीच्या रात्री तिथून पहिली गाडी निघाली. नेनाना ते नोम हे अंतर 674 मैल. टपालाला या वाटेवर सुमारे 25 दिवस लागत. 20 मशर आणि सुमारे 150 कुत्री यांनी टप्प्याटप्प्याने, हातोहात, ते सीरम साडेपाच दिवसांत 2 फेब्रुवारीच्या पहाटे नोमला पोहोचवले. शेवटच्या टप्प्याच्या आघाडीला बाल्टो नावाचा कुत्रा होता, म्हणून न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात त्याच वर्षी त्याचा पुतळा उभा राहिला. पण टोगो हा दुसरा आघाडीचा कुत्रा आणि त्याचा मशर लेनर्ड सेपाला यांनी सीरमसह 91 मैलांचा सर्वांत लांब आणि सर्वांत धोक्याचा टप्पा पार केला होता, आणि ते घ्यायला जाताना धावलेले अंतर धरले तर एकूण 261 मैल.

या धावेतही कुत्री मेली. चार्ली एव्हान्स या तरुण मशरची आघाडीची दोन्ही कुत्री थंडीने कोसळली, आणि त्याने स्वतः दोर खांद्यावर घेऊन गाडी ओढत नुलाटो गाठले. पहिल्या टप्प्याच्या बिल शॅनन यांनीही कुत्री गमावली. म्हणजे कारण कितीही थोर असले तरी कुत्र्याला ते कारण माहीत नव्हते. मला वाटते, मुलांसमोर ठेवण्यासारखा खरा प्रश्न हाच आहे: कशासाठी आपण एखाद्या प्राण्याला धोक्यात घालू शकतो आणि ते ठरवण्याचा अधिकार कोणाचा? आपण म्हणता तो फरक मुलांना कळावा यासाठी दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी हव्यात, एकीच्या जागी दुसरी नव्हे.

आणि त्या 20 मशरांमध्ये निम्म्याहून अधिक अलास्काचे मूळ रहिवासी होते, ज्यांची नावे त्या वेळच्या वर्तमानपत्रांत फारशी आली नाहीत. त्यांतील एडगर नोलनर हे सर्वांत शेवटी, 1999 मध्ये वारले. शर्यतीलाही ही बाजू आहे. 1960 च्या दशकात गावोगावी बर्फावर चालणाऱ्या मोटारगाड्या आल्या आणि अंगणातली कुत्री नाहीशी होऊ लागली. ती परंपरा टिकावी, हा शर्यतीचे संस्थापक जो रेडिंग्टन यांचा ती सुरू करण्यामागचा एक हेतू होता. 2011 मध्ये जॉन बेकर, 2019 मध्ये पीट कायझर आणि 2023 मध्ये खुद्द रेडिंग्टन यांचे नातू रायन जिंकले, तेव्हा किनाऱ्यावरच्या इनुपियाक आणि युपिक या मूळ रहिवाशांच्या गावांनी तो स्वतःचा विजय मानला. 'शर्यत सोडा' म्हणताना हे लोकही चित्रातून जातात.

गुरांचा_डॉक्टर (मिशिगन) यांचे उत्तर

मी पशुवैद्य आहे. परभणीला शिकलो आणि आता मिशिगनच्या उत्तर टोकाला काम करतो, जिथे हिवाळ्यात घसरगाडीची कुत्री माझ्याकडे नेहमी येतात. म्हणून फक्त शरीराविषयी लिहितो. योग्य काय नि अयोग्य काय हे ठरवायला इथे माझ्याहून विचारी माणसे आहेत.

मुलांच्या डोळ्यांसमोर बहुधा निळ्या डोळ्यांचा, जाड केसांचा सैबेरियन हस्की असतो. शर्यतीत धावणारी बहुतेक कुत्री अलास्कन हस्की असतात. ही जात रूपावर ठरलेली नाही, कामावर ठरलेली आहे. वजन साधारण 20 ते 25 किलो, अंग सडपातळ, पाय लांब. असे 22 किलोचे कुत्रे शर्यतीत रोज सुमारे 10,000 कॅलरी खाते. 70 किलोच्या माणसाला 2,500 पुरतात. दर किलोमागे किती होतात हा भागाकार मुलांना करू द्या. उत्तर पाहून ती पुन्हा तपासतील आणि ते बरोबरच असेल. हे अन्न मुख्यतः चरबीचे असते. माणूस लांब धावला की स्नायूंत साठलेली साखर संपते आणि पाय उचलेनासे होतात. या कुत्र्यांचे शरीर मात्र काही दिवसांच्या श्रमानंतर आपली पद्धत बदलते आणि तो साठा न संपवता चरबीवर चालू लागते. मी शिकलेल्या शरीरशास्त्रात याहून विलक्षण गोष्टी थोड्या आहेत. उलट उष्णता त्यांना सोसत नाही. कुत्र्याला अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच ते थंड होते, त्यामुळे शून्याच्या जवळपासचे तापमान, जे आपल्याला गोठवणारे वाटते, त्यात धावताना त्यांना उकडते.

आता मृत्यूविषयी. मूल विचारेल, 'का मेले?' आणि 'थकून' एवढेच उत्तर देऊ नये. एक तर ते अपुरे आहे, आणि दुसरे म्हणजे दमून घरी आलेल्या आईबाबांकडे पाहून लहान मूल घाबरू शकते. अशा कुत्र्यांत जी कारणे आढळतात ती सोप्या शब्दांत सांगता येतात. उलटी झाली आणि ती श्वासनलिकेत गेली तर फुप्फुसांना सूज येते. सततच्या श्रमाने पोटात जखमा होतात आणि त्यांतून रक्त जाते. म्हणून बऱ्याच कुत्र्यांना आम्ल कमी करणारे औषध देतात. क्वचित स्नायूंच्या पेशी मोठ्या प्रमाणात फुटतात आणि त्याचा ताण मूत्रपिंडांवर व हृदयावर येतो. शर्यतीपूर्वी प्रत्येक कुत्र्याचे रक्त आणि हृदयाचा आलेख तपासतात, तरीही काही मृत्यूंचे कारण शवविच्छेदनानंतरसुद्धा लगेच हाती लागत नाही. हे शेवटचे वाक्यही मुलांना सांगावे. डॉक्टरांनाही कधी कधी कारण सापडत नाही, हे ऐकण्याइतकी नऊ वर्षांची मुले मोठी असतात.

उत्तररेषा यांनी ज्या वहीचा उल्लेख केला तिचा वर्गात उपयोग होईल. वाटेवरचे पशुवैद्य कुत्रे तपासताना एक ठरलेला क्रम पाळतात: हृदय आणि अंगातील पाणी, भूक आणि उत्साह, वजन, फुप्फुसे. शिवाय पाय आणि सांधे असतातच. प्रत्येक मुलाने आपल्या गाडीसाठी अशी वही ठेवावी. कुत्र्यांची प्रत्यक्ष माहिती त्याला मिळणार नाही, पण संख्या कमी झाली की 'यांपैकी काय बिघडले असेल?' असा विचार तो करेल. आपण जे पाहतो ते लिहायचे आणि जे अंदाजाने म्हणतो ते वेगळे लिहायचे, ही सवय लागली तर तो विज्ञानाचाच तास होईल.

शिवनेरीचा_मास्तर (जुन्नर) यांचे उत्तर

मी अलास्का पाहिलेला नाही आणि घसरगाडीही पाहिलेली नाही. परंतु प्राण्यांची शर्यत आणि वर्गातली मुले यांचा अनुभव मला आहे, म्हणून लिहितो.

आमच्या भागात यात्रेत बैलगाडा शर्यत नसेल तर यात्रा झाली असे कोणी मानत नाही. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्यावर बंदी घातली तेव्हा मी सातवीच्या वर्गावर होतो. वर्गात निम्म्या मुलांच्या घरी शर्यतीचा बैल होता. मी मोठ्या उत्साहाने वादविवाद ठेवला, बाजूने आणि विरुद्ध, आणि तो साफ फसला. ज्यांच्या घरी बैल होता त्यांना आपल्या वडिलांवर आरोप झाल्यासारखे वाटले. ज्यांच्या घरी नव्हता ती मुले टाळ्या मिळतील असे बोलली. बैलाविषयी त्या तासात कोणी काहीच शिकले नाही.

पुढच्या आठवड्यात मी दुसरे काम दिले. ज्याच्या घरी किंवा शेजारी बैल आहे त्याने त्याचा एक पूर्ण दिवस लिहून आणायचा: कधी उठवले, काय खाल्ले, कुठे बांधले, कोणी हात फिरवला, कशाने मारले असेल तर तेही. मुलांनी जे लिहून आणले त्यात शर्यतीच्या बैलाला घरच्या म्हाताऱ्यांच्या आधी खुराक मिळतो हेही होते, आणि शेपूट पिरगाळल्याचे, आर टोचल्याचेही होते. एका मुलाने दोन्ही एकाच पानावर लिहिले होते, त्याच्याच घरचे. मी त्यावर काही शेरा मारला नाही. डिसेंबर 2021 मध्ये शर्यतीला अटींवर परवानगी मिळाली आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला, तेव्हा त्या वर्गातली मुले मोठी झाली होती, पण त्यांतले काही जण आजही भेटले की त्या वहीची आठवण काढतात.

म्हणून आपल्याला एवढेच सांगतो, बाई, की 'शर्यत चांगली की वाईट' असा फळ्यावर प्रश्न लिहू नका. न्यू जर्सीच्या ताईंना जी खुंटी नकाशावर हवी आहे ती कुत्र्याचा दिवस लिहायला सांगितला की आपोआप येईल. एक दिवस शर्यतीतला आणि एक दिवस जुलै महिन्यातला, असे दोन लिहून घ्या. उन्हाळ्यात ते कुत्रे काय करते, कुठे असते, हे शोधायला मुलांना लावा. आपल्या राज्यात जवळपास कोणी अशी कुत्री पाळत असतील तर त्यांना वर्गात बोलवा आणि मुलांना थेट विचारू द्या.

घटसर्पावरून एक सांगावेसे वाटले. माझ्या आजीची एक बहीण घटसर्पाने गेली होती, एवढेच आम्हाला घरात सांगत असत. आता त्रिगुणी लशीमुळे तो शब्दही आमच्या मुलांना माहीत नाही. ती गोष्ट सांगताना लशीविषयी दोन वाक्ये अवश्य सांगावीत.

खडूफळा (मिनेसोटा) यांचे उत्तर

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिले याबद्दल आभार. मी सगळे दोनदा वाचले आणि काल रात्री बसून ठरवले.

मी यंदा हा विषय घेणार आहे. मशर निवडण्याच्या आधीचा पूर्ण एक तास रकान्यांवर आणि धोक्यावर असेल, आणि 2024 च्या तीन कुत्र्यांविषयी मी त्याच तासात सांगेन. त्या वर्षी मी सकाळी गप्प राहिले होते हेही सांगेन, कारण ती गोष्ट शाळेत सर्वांना ठाऊक आहे. शर्यत सुरू असताना तसे काही घडले तर दुसऱ्या कोणाकडून कळण्यापूर्वी मी सकाळी पहिल्या दहा मिनिटांत सांगेन, आणि त्या दिवशी नकाशावरच्या गाड्या हलणार नाहीत. न्यू जर्सीच्या ताईंनी 'दुसऱ्या दिवशी गाड्या पुन्हा सरकतात' असे लिहिले, ते मला लागले आणि ते खरे होते.

पालकांना फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पत्र जाईल. ज्यांना आपले मूल शर्यतीत नको असेल त्यांच्यासाठी आमच्याच राज्यातला विषय मी निवडला आहे. लेक सुपीरियरच्या उत्तर किनाऱ्यावर जॉन बेअरग्रीस नावाचे, अनिशिनाबे या तिथल्या मूळ रहिवासी समाजातले टपालवाहक होते, जे 1879 ते 1899 अशी वीस वर्षे टू हार्बर्स आणि ग्रँड मराई यांच्या दरम्यान उन्हाळ्यात होडीने आणि हिवाळ्यात कुत्र्यांच्या गाडीने टपाल पोहोचवत. त्यांच्या नावाने डुलूथजवळ सुमारे 300 मैलांची शर्यत होते आणि 2024 मध्ये बर्फच नसल्याने ती रद्द करावी लागली होती. त्या मुलांचे काम वेगळ्या कोपऱ्यात होणार नाही. टपालाचा वेग आणि शर्यतीचा वेग एकाच तक्त्यावर येईल.

मास्तर, कुत्र्याचे दोन दिवस लिहून घेण्याची कल्पना मी जशीच्या तशी घेत आहे. तासाभराच्या अंतरावर एक कुटुंब घसरगाडीची कुत्री पाळते. त्यांना मी आजच फोन केला. साखळीविषयी मुले विचारतील हे मी आधीच सांगितले आणि त्यांनी क्षणभर थांबून 'विचारू द्या' असे उत्तर दिले.

डॉक्टरसाहेब, एक विनंती आहे. वहीतले चार रकाने मुलांना वाचता येतील अशा शब्दांत मी लिहिले आहेत: 'हृदय कसे धडधडते आणि अंगात पाणी पुरेसे आहे का', 'जेवते का आणि शेपूट हलवते का', 'फासळ्या किती दिसतात', 'श्वास कसा आहे'. यात काही चुकीचे असेल तर सांगावे, कारण पत्रासोबत वहीचे एक पान पालकांना पाठवायचे आहे.

गुरांचा_डॉक्टर (मिशिगन) यांचे उत्तर

तीन रकाने बरोबर आहेत. 'फासळ्या किती दिसतात' याऐवजी 'हाताला फासळ्या किती लागतात' असे लिहा. केसांमुळे फासळ्या डोळ्यांना दिसत नाहीत. पशुवैद्य हातमोजा काढून, उणे 30 अंशांतही, बोटांनी चाचपतो. आणि पाचवा रकाना पायांचा ठेवा. दोन बोटांच्या मधली कातडी पाहायची असते, तिथे बर्फाचे खडे अडकून चिरा पडतात. त्या कुटुंबाची कुत्री वर्गात आली की मुलांना आधी तेच पाहायला शिकवा, पण पंजाला हात लावण्यापूर्वी मालकाची परवानगी घ्या.